धरणाची उंची न वाढवता : विश्वेश्वरय्या आणि शहरांची तहान

ईस्ट क्रॉयडन स्थानकावर उतरून पार्क हिलच्या बागेकडे चालत गेले, की किल्ल्याच्या बुरुजासारखा एक जुना जलमनोरा दिसतो. आज त्यात पाणी नाही. १८६७ साली तो उभा राहिला, तेव्हा मात्र चढावर नव्याने वसलेल्या घरांना पाणी पोहोचविणे हा या गावापुढचा मोठा प्रश्न होता. चुनखडीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, वांडल नदीच्या उगमाजवळ वसलेले हे बाजारगाव रेल्वे आल्यावर झपाट्याने वाढले आणि ज्या झऱ्यांवर व विहिरींवर ते जगत होते, तेच घाण होऊ लागले. १८४९ मध्ये येथे स्थानिक आरोग्य मंडळ स्थापन झाले. १८५१ मध्ये सरे स्ट्रीटवरील उदंचन केंद्रातून नळाचे पाणी खेळू लागले. त्यानंतर दीड दशकाने हा मनोरा आला. त्याचा आराखडा करणारे अभियंते बाल्डविन लॅथम. १८९० साली याच लॅथम यांनी मुंबई शहराच्या आरोग्यव्यवस्थेवर एक अहवाल सिद्ध केला. क्रॉयडनच्या अनुभवावर तयार झालेली नजर मुंबईच्या गटारांवरून फिरली, हे येथे राहणाऱ्या मराठी माणसाला सहसा ठाऊक नसते.

लॅथम मुंबईसंबंधी आपली मते मांडत होते, तेव्हा त्याच मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात एक तरुण सहायक अभियंता गावोगावच्या कालव्यांवर, रस्त्यांवर आणि नदीपात्रांत उभा राहून काम करीत होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्याचे नाव. पुढे म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागराचे शिल्पकार आणि भारतरत्न म्हणून ते सर्वतोमुखी झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो आणि परदेशातील आपल्या अनेक वाचकांच्या महाविद्यालयीन आठवणी त्या दिवसाशी जोडलेल्या असतील. परंतु त्यांच्या आयुष्याचा जो भाग आज आपल्याला सर्वाधिक उपयोगी पडावा, तो म्हैसूरच्या आधीचा आहे आणि त्यातील बराचसा महाराष्ट्रात घडला आहे. वाढत्या शहराला पाणी कमी पडू लागले म्हणजे काय करावे, या प्रश्नाला त्यांनी दोन उत्तरे दिली. एक आपण स्वीकारले. दुसरे सोयीस्करपणे विसरलो.

त्यांचा जन्म कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. घराणे तेलुगू भाषक, वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना एका कोडगू कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. पदवीनंतर म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, दाखल झाले. १८८३ च्या परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये सरकारी नोकरीत रुजू झाले.

१८८३ या सालाशी क्षणभर थांबले पाहिजे. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. खडकवासल्याच्या धरणाला बांधकामाचे साहित्य पुरविणाऱ्या कंत्राटदारांत फुले होते. त्यामुळे त्या धरणाचे पाणी कालव्यात कसे उतरते आणि शेतकऱ्यापर्यंत कसे पोहोचत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. पाणी वेळेवर आणि मापाने मिळत नाही, ही त्यांची तक्रार त्या ग्रंथात आहे. मुठेच्या काठी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर ती गेली असो वा नसो, सोळा वर्षांनी त्याच तक्रारीशी त्याची गाठ पडणार होती.

पहिली नेमणूक नाशिकला झाली आणि लगेच खानदेश आला. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा, वारंवार फुगणारी नदी, वाळूने भरणारे खोदकाम, अनुभव शून्य. काम पावसाळ्यानंतर करावे, असे या नवख्या अभियंत्याने वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. विश्वेश्वरय्यांनी मग पुन्हा पात्रात उतरून ते काम तडीस नेले. त्यांच्याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. रात्रीच्या गाडीत आवाजावरून रूळ तुटल्याचे ओळखल्याची एक, सरकारी आणि खासगी अशा दोन मेणबत्त्यांची दुसरी. त्या शाळेच्या पुस्तकांत शोभतात. मला मात्र पांझरेच्या पात्रात आधी माघार घेऊ पाहणारा आणि मग चिखलात उभा राहणारा हा तरुण अधिक खरा वाटतो.

खानदेशाने त्यांना आणखी एक गोष्ट दाखविली असणार. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धती चालत आली होती. नदीवर लहान बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात भुसार पीक, कोणता पड ठेवायचा, हे सारे गाव मिळून ठरवी आणि दरवर्षी फड बदलत जाई. पाटकरी पाणी वाटी, जागल्या राखण करी. पाणी थोडे असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही येई, कारण पाण्याआधी पीक ठरविले जाई.

त्या काळी मोठ्या शहराच्या पाण्याचा विचार बहुधा एकाच दिशेने चाले. जवळचे पाणी संपले की दूरचे आणायचे. मुंबईने १८६० मध्ये विहार आणले, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये थेट तानसा. पुढे वैतरणा आणि भातसा याच वाटेने आले. मुंबईला ते परवडले. लहान नगरपालिकेला कसे परवडावे? १८९० च्या दशकात विश्वेश्वरय्यांना सिंधमधील सक्कर येथे पाठविण्यात आले, तेव्हा हाच पेच होता. सिंध मुंबई इलाख्यातच मोडत असे. सक्कर सिंधूच्या काठी वसलेले. पाण्याची वाण नव्हती, पिण्याजोग्या पाण्याची होती. सिंधू गाळाने भरून वाहते. ते पाणी टेकडीवर चढवून गाळण्यासाठी गाळणतळी बांधायची तर नगरपालिकेची झोळी फाटकी. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ, विहीर खोदली. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपत त्या विहिरीत येई आणि वाटेतच स्वच्छ होई. निसर्गाने फुकट बांधून ठेवलेली गाळणी त्यांनी वापरली. तेथून पाणी उपसून टेकडीवरच्या टाकीत आणि टाकीतून गावात. १८९५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते त्या योजनेचे उद्घाटन झाले. नवे पाणी शोधण्याऐवजी जे दारावरून वाहते आहे त्याकडे नीट पाहायचे, ही त्यांची रीत येथे प्रथम स्पष्ट दिसते.

त्यानंतर सुरतेचे काम आणि मग पुणे.

पुण्याचे पिण्याचे पाणी पूर्वी कात्रजहून येई. नानासाहेब पेशव्यांच्या काळात अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून दगडी नळ काढून ते शहरातील हौदांत खेळविले गेले. पेशवाई गेली, लष्कराची छावणी आली, गाव वाढले. कर्नल फाईफ यांच्या योजनेनुसार खडकवासल्याला मुठेवर दगडी धरण झाले. त्या जलाशयाला लेक फाईफ म्हणत. त्यातून निघालेला मुठा उजवा कालवा पुण्यातून जातो आणि पुढे दौंड, इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्याकडे वळतो. म्हणजे आरंभापासून एकाच पाण्याला दोन दावेदार होते. वाटेवरचे शहर आणि शेवटाचा शेतकरी. एकोणिसावे शतक संपत आले तसे पाणी दोघांनाही पुरेनासे झाले.

धरण उंच करावे, हा सरळ उपाय होता. पण धरणाची भिंत जेवढ्या दाबासाठी बांधली, त्याहून अधिक भार तिच्यावर टाकणे धोक्याचे आणि नव्याने बांधणे खर्चाचे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्याकडे पाहिले. दरवर्षी पावसाळ्यात पूर आला की सांडव्याच्या माथ्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि धरणाला काही होत नसे. याचा अर्थ तेवढ्या पाण्याचा दाब धरण सोसू शकत होते. फक्त पूर ओसरला की ते पाणी हाती राहत नव्हते. मग त्या मोकळ्या माथ्यावर दारे बसवावीत, पाणी ठराविक पातळीपर्यंत अडवावे आणि पातळी त्याहून वर गेली तर दारे आपोआप उघडावीत. ‘आपोआप’ हा शब्द येथे महत्त्वाचा. रात्री-अपरात्री मुठेला लोंढा आला तर दारे उघडायला माणूस धावणार कसा? म्हणून दाराला प्रतिभार जोडला आणि त्याची हालचाल पाण्यावरच सोपविली. जलाशय पूर्ण पातळीला पोहोचला की पाणी स्वतःच दार उचली. पातळी उतरली की दार खाली बसे. १९०१ ते १९०३ या काळात ही स्वयंचलित दारे बसली. साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी आणि साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. धरणाच्या भिंतीवर एक दगडही चढवावा लागला नाही. या दारांचे एकस्व विश्वेश्वरय्यांच्या नावे झाले, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन त्यांनी घेतले नाही.

हे पहिले उत्तर. आहे ते पाणी अधिक चांगले धरून ठेवा. पुण्याने ते आनंदाने स्वीकारले.

दुसरे उत्तर त्याच सुमाराचे आहे आणि ते मिळाले नीरेच्या कालव्यावर. भाटघरच्या जलाशयातून बारामतीकडे जाणाऱ्या या कालव्याखाली ऊस लोकप्रिय झाला होता. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची जमीन, ते हवे तितके पाणी घेत. त्यांच्या शेतात पाणी साचून जमिनी चोपण होऊ लागल्या आणि शेवटच्या टोकाचे शेतकरी कोरडे राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ याच वर्षांतले. १८९९ मध्ये विश्वेश्वरय्यांनी गट पद्धती मांडली. कालव्याखालच्या क्षेत्राचे गट पाडायचे, प्रत्येक गटात सुमारे एक तृतीयांश जमिनीलाच ऊस, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके, दरवर्षी पिकांची फिरवाफिरव, आणि काही वर्षांच्या कराराने पाण्याची हमी. एका गावातले पाणी एकाच्याच शेतात मुरण्याऐवजी अनेक गावांत पसरावे, हा हेतू. फड पद्धतीशी याचे नाते उघड आहे, आणि खानदेशात नोकरी केलेल्या माणसाला ते परके नव्हते. ज्यांना आजवर हवे तेवढे पाणी मिळत होते, त्यांना ही योजना पसंत पडणे शक्यच नव्हते. गावोगावी जाऊन, शेतकऱ्यांच्या बैठका घेऊन त्यांना ती पटवून द्यावी लागली.

दार लोखंडाचे असते, ते बसविता येते. वाटणी बसवायला माणसांची संमती लागते. म्हणूनच पहिल्या उत्तराचे कौतुक अधिक झाले. खडकवासल्याची दारे पाठ्यपुस्तकांत गेली. गट पद्धती मात्र पाटबंधारे खात्याच्या दप्तरात राहिली आणि उसाने तिला हळूहळू गिळले. आज पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून पुण्याला पाणी देतात. उन्हाळा आला की शहराने किती उचलले आणि इंदापूरला आवर्तन कधी मिळणार, यावर कालवा समितीच्या बैठकीत वाद होतात. हिंजवडीत किंवा खराडीत सदनिका घेऊन ठेवलेल्या आपल्यापैकी अनेकांना टँकरचे दर ठाऊक असतात. कालव्याच्या टोकाला काय उगवते, ते ठाऊक नसते.

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठविण्यात आले. तेव्हा एडनही मुंबई इलाख्याच्या कारभारात होते. वर्षाकाठी काही इंच पाऊस, उघडे डोंगर आणि वाढते लष्करी बंदर. विश्वेश्वरय्यांनी आसपासचा प्रदेश हिंडून पाहिला आणि लहेजच्या बाजूच्या कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्राखालचे पाणी विहिरींतून घेण्याचा सल्ला दिला. सक्करचीच युक्ती, वाळवंटात.

इलाख्यातील मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळण्याची शक्यता त्या काळी जवळजवळ नव्हती. अनेकांना डावलून त्यांना बढत्या मिळाल्या होत्या, पण वरची कमान बंद होती. १९०८ मध्ये त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि युरोपच्या प्रवासाला निघाले. तेथेही ते शहरांची पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची कामे पाहत हिंडले. इटलीत असताना निजाम सरकारचा निरोप आला.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद बुडविले होते. हजारो माणसे गेली. वरच्या खोऱ्यात शेकडो लहान तलाव होते. अतिवृष्टीत एक फुटला, त्याच्या लोंढ्याने खालचा फुटला आणि अशी माळ तुटत जाऊन सारे पाणी एकदम शहरावर आले. प्रवास पुरा करून १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादला पोहोचले. शहराच्या वरच्या अंगाला, मुसीवर आणि तिची उपनदी ईसीवर, पूर पोटात घेणारी दोन धरणे बांधावीत, असे त्यांनी सुचविले. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर झाले. जे पाणी शहर बुडवीत होते, तेच अडवून शहराला पाजण्यात आले. कित्येक दशके हैदराबाद या दोन तलावांवर जगले.

पूर आणि टंचाई ही एकाच नदीची दोन रूपे, हे क्रॉयडनलाही कळलेले आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत चुनखडीतले भूजल इतके वर आले की केनलीच्या जलशुद्धीकरण केंद्राला धोका निर्माण झाला आणि पुराचे पाणी पर्लीच्या भुयारी मार्गात सोडून ते वाचवावे लागले. आठ वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, लंडन परिसरात बागेला नळीने पाणी घालण्यावर बंदी होती.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरचे कृष्णराजसागर, भद्रावतीचा लोखंड कारखाना, म्हैसूर विद्यापीठ, बँक. हा इतिहास सर्वपरिचित आहे आणि येथे त्याचा विस्तार नको. मात्र एक गोष्ट वगळणे अप्रामाणिक ठरेल. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा देण्यासाठी महाराजांनी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते धोरण मान्य नव्हते, आणि १९१८ च्या अखेरीस ते दिवाणपदावरून दूर झाले. गुणवत्तेपुढे त्यांना दुसरे काही दिसत नसे. कालव्याच्या तोंडाशी ज्याची जमीन आहे तो पुढे जातो आणि टोकाचा कोरडा राहतो, हे ज्यांनी नीरेवर इतके स्वच्छ पाहिले, त्यांना समाजाच्या कालव्यात तेच दिसू नये, याचे नवल वाटते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या होत्या. ते उदाहरण दूरचे नव्हते.

पुढची चार दशके त्यांनी सल्लागार म्हणून काढली. बंगळूरसाठी अर्कावतीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याच देखरेखीत झाला. शहर वाढले, पाणलोटात बांधकामे झाली, अर्कावती आटली, आणि बंगळूर आता शंभर किलोमीटरवरून कावेरी उपसून वर चढविते. मुंबईच्याच वाटेने तेही गेले. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या कामाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या विलक्षण कोरड्या आहेत. घरच्या सुखदुःखाला त्यांत जवळजवळ जागा नाही, आकडे मात्र भरपूर. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमध्ये मोकामा येथील गंगेवरच्या पुलाची जागा ठरविण्यासाठी ते प्रत्यक्ष नदीवर गेले होते.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी बांधकाम पुरे न झालेले पानशेत धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ते धरणही फुटले. पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि पूर ओसरल्यावर त्याच शहराच्या नळांना पाणी नव्हते. लोक जुन्या विहिरींकडे वळले. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला होते. ज्या सांडव्यावर त्यांनी साठ वर्षांपूर्वी दारे बसविली होती, त्याच्यामागे आता जलाशय उरला नव्हता. शंभरी ओलांडलेल्या या अभियंत्याचा १९६२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू झाला आणि मुद्देनहळ्ळीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. खडकवासल्याचे धरण पुन्हा बांधले गेले. कालवा पुण्यातून दौंड-इंदापूरकडे जातो.